दोन हेक्टर सत्तेचाळीस आर: एका सातबाऱ्याच्या दुरुस्तीचे प्रकरण

गट, म्हणजे एका क्रमांकाची जमीन, एकच. एकूण क्षेत्र २ हेक्टर ४७ आर (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर), त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य भाग, ८ आर. कब्जेदारांच्या रकान्यात चार नावे आहेत. तीन भावांपुढे प्रत्येकी ०.८२ हेक्टर आणि चौथ्या, बाहेरच्या खरेदीदारापुढे ०.४०. बेरीज केली तर २.८६ येते. कागदावर ३९ आर जमीन जास्त, शेतावर मात्र बांध जिथल्या तिथे.

त्यातच धाकटा भाऊ वारला. बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार वारस. त्यांनी वारस नोंदीचा अर्ज दिला आणि थोरल्या मुलाने ६० आर विकायची बोलणीही सुरू केली. सातबाऱ्यावर बापाचे ०.८२ दिसते, उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी आहे, मग अडचण कसली? अडचण अशी की बापाकडे प्रत्यक्षात उरली होती ४२ आरपेक्षाही थोडी कमीच जमीन. बाकीची १९९३ सालीच विकलेली आहे.

या लेखातला गट नेमक्या एका गावचा नाही. अशा गटांत नेहमी सापडणारी गुंतागुंत एका ठिकाणी दिसावी म्हणून नावे काढून उदाहरणादाखल आकडे घेतले आहेत. कायद्याची कलमे, गाव नमुने आणि कार्यपद्धती मात्र महाराष्ट्राच्या महसूल खात्यात चालते तीच आहे.

गटाची कुंडली

जुन्या कागदात हे क्षेत्र ६ एकर ४ गुंठे, म्हणजे २४४ गुंठे. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा धरला तर एकूण २४,६८६ चौरस मीटर होतात. दशमान पद्धत आली तेव्हा ते २ हेक्टर ४७ आर असे लिहिले गेले, म्हणजे २४,७०० चौरस मीटर. चौदा चौरस मीटर जमीन निव्वळ पूर्णांकातून जन्माला आली. आज भूमी अभिलेखाच्या आकारबंदातही (प्रत्येक गटाचे क्षेत्र आणि सारा सांगणाऱ्या तक्त्यातही) २.४७ आहे आणि गाव नमुना ७ चे क्षेत्र आकारबंदाशी जुळायलाच हवे, म्हणून पुढचा सगळा हिशेब २.४७ वरच करायचा. या चौदा मीटरच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मूळ खातेदार १९७४ मध्ये वारला. त्याची बायको आधीच गेली होती. मागे तीन मुलगे आणि दोन लग्न झालेल्या मुली. फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, झाला तो फक्त थोरल्या मुलाच्या नावाने, पुढे शेरा ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तेव्हाची ही सर्रास पद्धत. सरकारला शेतसाऱ्याची पावती फाडायला एक नाव पुरत होते. बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांत लपले आणि बहिणी त्यातही नव्हत्या.

१९८६ मध्ये जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप झाले. तीन भावांची नावे लागली, पण क्षेत्र लिहिले नाही, आणेवारी, म्हणजे आणे-पैतला हिस्सा, लिहिली: प्रत्येकी ०-५-४. सोळा आणे म्हणजे १९२ पै. त्याचे तीन भाग केले की ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. हिशेब अगदी चोख. आणेवारीत एक तृतीयांश पूर्ण बसतो, दशांशात बसत नाही. पुढचे अर्धे दुखणे इथे आहे.

१९९३ मध्ये धाकट्याने दक्षिण बाजूचा एक एकर नोंदणीकृत खरेदीखताने विकला. फेरफारात लिहिले होते, ‘विक्रेत्याच्या हिश्श्यातून १ एकर कमी करून खरेदीदाराचे नाव दाखल’. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली. सातबाऱ्यावर अंमल देताना खरेदीदाराचे नाव आणि ०.४० हेक्टर लिहिले गेले. धाकट्याच्या ०-५-४ ला कंस करून, म्हणजे ती नोंद रद्द दाखवून, उरलेला हिस्सा लिहायचा राहिला.

त्या दिवशी एवढेच राहिले होते. एक कंस.

कागदाने चूक सांभाळली कशी

हस्तलिखित सातबारा साधारण दर दहा वर्षांनी नव्याने लिहायचा असतो, त्याला पुनर्लेखन म्हणतात. पुनर्लेखनात कंस झालेल्या नोंदी गळतात आणि चालू नोंदी नव्या पानावर उतरतात. इथे कंसच नव्हता, म्हणून धाकट्याचे ०-५-४ स्वच्छ अक्षरात नव्या पानावर आले. जुन्या पानावर निदान शेजारची शाई, समासातला फेरफार क्रमांक आणि खाडाखोड यावरून शंका येण्याला वाव होता. नव्या पानाने तो वावही पुसला.

तरी गावात कुणाचे अडले नाही. तीन भावांपुढे आणे-पै, चौथ्यापुढे हेक्टर-आर, मग बेरीज करायची कशाची? तलाठ्याला माहीत होते, विकास सोसायटीच्या सचिवाला माहीत होते, शेजाऱ्यांना माहीत होते की दक्षिणेचा तुकडा विकलेला आहे. सातबाऱ्यात जे नव्हते ते गावाच्या डोक्यात होते.

याचे मूळ बरेच मागे जाते. पेशवाई गेल्यावर मुंबई इलाख्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी झाली ती अव्यवहार्य आकारणीमुळे फसली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नवी पद्धत सुरू केली: प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रतवारी लावून आकार, आणि त्या नंबराचा आकार भरणारा खातेदार. उद्देश वसुलीचा होता. शेतावर आणखी कुणाकुणाचा काय हक्क आहे, याची पद्धतशीर नोंद मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली आणि १९१३ मध्ये १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात सामील झाली. म्हणजे ‘सारा कोण भरतो’ या वहीवर ‘हक्क कुणाचा’ ही वही मागून शिवली गेली. महाराष्ट्राचा १९६६ चा अधिनियम आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनी तीच बैठक चालू ठेवली. नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि नमुना १२ हा पिकांचा. दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा.

स्वातंत्र्यानंतर या कागदावर भार मात्र वाढतच गेला. कूळ कायदा, तुकडेबंदी, एकत्रीकरण, पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, सगळ्यांना सातबारा लागतो. कायद्याने त्याला दिलेला दर्जा तोच राहिला. कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा अंतिम पुरावा हा कागद तेव्हाही नव्हता, आजही नाही.

संगणकाने काय केले

महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आणि ३५८ तालुके. संगणकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात हाताने लिहिलेले उतारे टंकून घेतले गेले. टंकलेखकापुढे प्रत्येक नावासमोर क्षेत्राचा रकाना होता. त्याने २.४७ ला तीनने भागले, ०.८२३३ आले, दोन दशांशांत ०.८२ भरले, खरेदीदाराचे ०.४० जसे होते तसे ठेवले. आणेवारी गेली आणि क्षेत्र आले. हा निर्णय कुठल्याही अधिकाऱ्याने घेतला नाही. रकाना होता म्हणून भरला गेला.

पुढे ई-फेरफार आले, नोंदी ऑनलाइन व्हायला लागल्या. त्याआधी जुना माल शुद्ध करण्यासाठी तलाठ्यांना एडिट आणि नंतर री-एडिट ही सोय दिली. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले: सातबारे चावडीवर वाचायचे, लोकांनी चुका सांगायच्या. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला, जो आज १५ रुपयांत कुणालाही काढता येतो.

यात एक मेख आहे, आणि प्रशासन शिकणाऱ्याने ती नीट बघावी. एडिटचे काम होते संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळवण्याचे. हस्तलिखितच चुकलेले असेल तर? मग जुळवणी शंभर टक्के झाली आणि चूकही शंभर टक्के टिकली. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार यांनी घोषणापत्रावर सही करून सांगितले की उतारा मूळ कागदाशी जुळतो. ते खरेच होते. ‘उतारा बरोबर आहे’ असे त्यात कुणी म्हटले नव्हते, पण डिजिटल स्वाक्षरीकडे बघणारा बँक अधिकारी किंवा गिऱ्हाईक तसेच समजतो.

विसंगती शोधणाऱ्या ओडीसी अहवालात हा गट येतो: ‘एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही’. यंत्राने चूक पकडली, पण कुठली रांग खोटी हे त्याला कळत नाही. चारपैकी कुणाचेही ३९ आर कमी केले तरी अहवाल निरंक होतो. तालुक्याच्या साप्ताहिक आढाव्यात निरंक हेच उद्दिष्ट असेल, तर सगळ्यात सोपा उपाय कोणता? जो खातेदार मुंबईला राहतो आणि चौकशीला येत नाही, त्याच्या रांगेतून कापायचे. असे घडते, आणि वीस वर्षांनी त्याची अपिले होतात.

आधी वारस की आधी दुरुस्ती?

तलाठ्यासमोर, म्हणजे आताच्या नावाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्यासमोर, खरा पेच हा आहे.

वारस नोंद लांबवता येत नाही. कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वारसांनी कळवायचे असते. शिवाय २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्याचे काम गावोगाव मागे लागून केले गेले. झालेल्या नोंदींचा आकडा रोज वरिष्ठांकडे जाई. उलट दुरुस्तीला सुनावणी लागते, तिला महिने जातात.

वारस नोंद आधी आणि चुकीच्या पद्धतीने केली, तर ०.८२ चे चार भाग होऊन प्रत्येकापुढे ०.२०५ येईल. एक चूक होती तिथे चार होतील. मग थोरला मुलगा आपले आणि इतरांचे मिळून ६० आर विकेल. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. आणि नवा खरेदीदार आला की प्रामाणिकपणे पैसे मोजलेला तिसरा पक्ष या गुंत्यात शिरतो.

दुरुस्ती आधी करायची म्हटली तर नोटीस कुणाला द्यायची? मेलेल्या माणसाला नोटीस लागू होत नाही. वारस रेकॉर्डवर नसतील तर ते उद्या म्हणतील, आम्हाला न ऐकता आमचे निम्मे क्षेत्र उडवले. असा आदेश अपिलात पहिल्याच तारखेला कोसळतो.

मार्ग तिसरा आहे. वारस नोंद लगेच घ्यायची, पण क्षेत्र न फोडता: चारही वारस सामाईक खात्यात, सर्वांपुढे मिळून एकच क्षेत्र. वारस नोंद म्हणजे वाटप नव्हे, हा नियमच आहे. डोक्यागणिक क्षेत्र पाडण्याचा अधिकार तलाठ्याला वारस फेरफारात मुळी नाहीच. सामाईक क्षेत्र असेल तर थोरल्या मुलाला एकट्याला ठरावीक तुकडा दाखवून विकणे अवघड जाते, आणि सुनावणीसाठी नोटीस देण्याजोगी जिवंत माणसे रेकॉर्डवर येतात. त्याच दिवशी दुरुस्तीचा अहवाल तहसीलदाराकडे गेला पाहिजे. दोन कामांत महिन्याचे अंतर पडले की सौदा उरकलेला असतो.

वारस नोंदीची पायरी अशी. मृत्यूचा दाखला, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा), सर्व वारसांची नावे-नाती सांगणारे प्रतिज्ञापत्र. नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, नोंद. मंडळ अधिकाऱ्याची चौकशी: पोलीस पाटील आणि शेजाऱ्यांचे जबाब, मुख्यतः एकच गोष्ट विचारायला, ‘मुलगी आहे का आणि तिचे नाव आहे का?’ वारस ठरले की नमुना ६ मध्ये फेरफार, नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग प्रमाणन. हरकत आली तर पोच द्यायची आणि प्रकरण ६-अ मध्ये, विवादग्रस्त नोंदवहीत. हरकत तोंडी आली आणि ‘लेखी आणा’ म्हणून परत पाठवली, हा नेहमीचा दोष. तोंडी हरकतीचा जबाब तिथेच लिहून घ्यावा.

मुलीचे नाव कब्जेदारात न लावता ‘इतर हक्क’ रकान्यात टाकण्याची खोड अजून पूर्ण गेलेली नाही. इतर हक्कात बोजे, करार, विहिरीचे हक्क येतात. मुलगी हा बोजा नव्हे.

चूक कोणत्या जातीची

दुरुस्तीची फाइल उघडण्याआधी हे ठरवावे लागते, कारण त्यावर अधिकारी बदलतो.

हस्तलिखित बरोबर आणि संगणकात चूक असेल तर ती टंकनाची चूक. फेरफार बरोबर आणि सातबाऱ्यावरचा अंमल चुकीचा असेल तर ती लेखनप्रमाद. दोन्हींना कलम १५५ लागते, आदेश तहसीलदार देतो, पण हितसंबंधितांना नोटीस दिल्यावरच. मंजूर फेरफारच चुकीचा असेल तर तहसीलदाराने हात लावायचा नाही; कलम २४७ खाली प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील, मुदत साठ दिवस, उशीर झाला असेल तर माफीचा वेगळा अर्ज आणि त्याला पटण्याजोगे कारण. आणि भांडण मुळात हक्काचे असेल तर दिवाणी न्यायालय.

कलम १५५ चा गैरवापर होतो तो नेमका इथे. लेखनप्रमाद म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे मंजूर फेरफार फिरवले जातात, एखाद्याचे नाव उडते, शासकीय जमिनीवर खासगी नाव चढते. कलम छोटे, प्रक्रिया लवकर संपणारी, तालुक्यातच होणारी. म्हणून मोह मोठा. आमच्या मते कसोटी एकच ठेवावी: मंजूर फेरफाराचा मजकूर वाचून, एकही नवा पुरावा न घेता, फक्त बेरीज-वजाबाकीने दुरुस्ती निघते का? निघत असेल तर १५५. साक्षीपुरावे लागत असतील तर ते १५५ नव्हे.

आपल्या गटात १९९३ चा फेरफार स्वच्छ सांगतो, विक्रेत्याच्या हिश्श्यातून एक एकर कमी. कमी केला नाही. लेखनप्रमाद.

तो फेरफार मात्र हाती लागला पाहिजे. तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफारांची जुनी पुस्तके कापडी बस्त्यात असतात. स्कॅन झालेली असतील तर ऑनलाइनही निघतात. स्कॅनमध्ये पानाची कडा कापली जाते आणि मंडळ अधिकाऱ्याचा शेरा बहुधा त्याच कडेला असतो. म्हणून मूळ पान बघूनच नक्कल घ्यावी. सोबत १९८६ चा वाटप फेरफार, १९९३ च्या खरेदीखताची सूची दोन (दुय्यम निबंधकाकडचा दस्ताचा गोषवारा), पुनर्लेखनाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही हस्तलिखित सातबारे, आणि आकारबंदाचा उतारा. एवढे सहा कागद समोर मांडले की कंस कोणत्या पानावर राहिला हे बोट ठेवून दाखवता येते.

सुनावणी

नोटीस कुणाकुणाला? धाकट्याचे चार वारस, खरेदीदार, दोन्ही भाऊ, आणि ज्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे ती संस्था. शेवटचे नाव हमखास विसरते. धाकट्याने ०.८२ वर पीककर्ज घेतलेले आहे. क्षेत्र निम्म्यावर आले की कर्जमर्यादा आणि तारण दोन्ही बदलतात. सोसायटीला न कळवता क्षेत्र कमी केले तर पुढच्या हंगामात नूतनीकरण अडते आणि शेतकरी तलाठ्याच्या दारात येतो.

वारसांचे म्हणणे ठरलेले असते: ‘तीस वर्षे सरकारनेच ०.८२ दाखवले, कर्ज दिले, भरपाई दिली.’ माणूस म्हणून हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण चुकीची नोंद कितीही वर्षे राहिली तरी तिने जमीन तयार होत नाही. विकलेली जमीन विकलेलीच. खरेदीदाराची बाजूही सरळ नाही. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्याला लिहिले ०.४०, म्हणजे ४,०००. सत्तेचाळीस चौरस मीटर, सुमारे पाचशे चौरस फूट, त्याचेही राहिले. जिरायतात कुणी विचारणार नाही. रस्त्याला लागून असेल तर याच पाचशे फुटांसाठी खटला चालतो.

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये येऊ लागले, कंसाऐवजी कमी झालेल्या नोंदीवर आडवी रेघ येऊ लागली, प्रलंबित फेरफार उताऱ्यावरच दिसू लागला. यातला पहिला बदल दिसायला किरकोळ, पण आपल्या गटासाठी मोलाचा. दोन दशांशांत तीन हिस्से ०.८२ चे केले की बेरीज २.४६ होते आणि एक आर, म्हणजे शंभर चौरस मीटर, कुणाच्याच नावावर राहत नाही. चौरस मीटरमध्ये हिशेब केला की २४,७०० ला तीनने भागून ८,२३३ येतात आणि उरतो एक चौरस मीटर.

आदेशातला तक्ता मग असा पडतो. थोरला ०.८२.३३, मधला ०.८२.३३. धाकट्याचा मूळ हिस्सा ०.८२.३४, उरलेला एक मीटर त्याच्याकडे, कारण क्षेत्र कमी होणारा तोच, त्यातून ०.४०.४७ वजा जाता ०.४१.८७. खरेदीदार ०.४०.४७. बेरीज २.४७.००. एक मीटर कुणाला द्यायचा हे आदेशात कारणासह लिहावे. लिहिले नाही तर कुणीतरी विचारतोच.

पोटखराब्याच्या आठ आरचे काय? खरेदीखतात ‘एक एकर’ एवढेच आहे, त्यात ओढ्याकाठचा भाग येतो की नाही हे नाही. ते तहसीलदाराने ठरवायचे नाही. ते मोजणीत निघेल.

आदेश झाला म्हणजे काम झाले असे नाही. ई-फेरफारमध्ये आदेशाचा फेरफार घ्यायचा, आदेशाची प्रत जोडायची, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचे, मग नवा सातबारा आणि आठ-अ दोन्ही तपासायचे. सातबारा बदलतो आणि आठ-अ तसाच राहतो, हे वारंवार दिसते. खाते क्रमांक दुसरा उघडला गेला की असे होते. एकाच माणसाची ‘पांडुरंग’ आणि ‘पाडुरंग’ अशी दोन खाती असणे हा संगणकीय सातबाऱ्याचा स्वतःचा, कागदाकडून वारशाने न आलेला रोग आहे.

कर्नाटकाने वेगळे काय केले

शेजारी कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पात साधारण दोन कोटी उतारे १७७ तालुक्यांत संगणकावर आले आणि हस्तलिखित उतारे अवैध ठरवले गेले. तिथे उतारा देण्याचे काम ग्रामलेखापालाकडून काढून तालुक्याच्या खिडकीवर नेले आणि फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निघतील असे यंत्रात बसवले. मागचा अर्ज पुढे घ्यायची किंमत घेता येत नाही. महाराष्ट्राने तलाठ्याला साखळीत ठेवले. त्याचा तोटा सगळे सांगतात. फायदा कमी सांगितला जातो: दक्षिणेचा एकर विकला आहे हे ज्याला कळू शकते असा माणूस साखळीत राहिला. पण एका तलाठ्याकडे अनेक गावे, बदल्या होत राहतात, आणि नव्या तलाठ्याला गावाच्या डोक्यातले काही माहीत नसते. त्याला दिसतो तो पडदा, पडद्यावर ०.८२.

बहिणी

१९७४ मध्ये राहिलेल्या दोन बहिणींपैकी एकीचा मुलगा याच सुनावणीत उभा राहिला तर? राहतोच. नोटीस चावडीवर लागली की गावात बातमी होते.

मुलींना हक्क २००५ पासूनच मिळाला, हा समज महसूल कार्यालयातही खोलवर आहे. १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती आणि २००५ ची केंद्राची दुरुस्ती यांनी मुलीला सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटेकरी, केले हे खरे. पण १९५६ च्या कायद्याने बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी तेव्हाही वारस होतीच. जमीन वडिलोपार्जित धरली, तर मृत्यूच्या क्षणी काल्पनिक वाटप करायचे: बाप आणि तीन मुलगे, प्रत्येकी पाव. बापाचा पाव पाच मुलांत समान, म्हणजे एक विसांश प्रत्येकी. २.४७ चा विसावा भाग १२ आर ३५ चौरस मीटर. जमीन बापाने स्वतः कमावलेली असेल तर हिस्सा थेट एक पंचमांश. १९८६ च्या वाटपात त्यांना नोटीस नव्हती, कारण त्या रेकॉर्डवरच नव्हत्या.

दावा वजनदार आहे. तरीही १५५ च्या या फाइलमध्ये त्याला जागा नाही. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हक्कसोड झाली का, झाली तर नोंदणीकृत आहे का, हे पुराव्याचे प्रश्न आहेत. तहसीलदाराने दया म्हणून बहिणींची नावे याच आदेशात घुसवली, तर अपिलात पूर्ण आदेश उडेल आणि ०.८२ पुन्हा जिवंत होईल. तहसीलदाराने करायचे ते इतके: तिच्या मुलाचा जबाब घ्यायचा, ‘हा प्रश्न या कार्यवाहीच्या कक्षेबाहेर, प्रांताकडे अपील किंवा दिवाणी दावा करण्यास मोकळीक’ असे आदेशात लिहायचे, आणि दुरुस्तीमुळे हिश्श्याचा हक्क ठरला असा अर्थ निघणार नाही हेही लिहायचे. हे शेवटचे वाक्य बहुतेक आदेशांत नसते, आणि पुढे दिवाणी न्यायालयात विरुद्ध बाजू नेमका तोच आदेश दाखवते.

कागदाबाहेरचा एकर

दक्षिणेचा एकर अजून नकाशावर नाही. गट नकाशात गट अखंड आहे. पोटहिस्सा पडलेला नाही. खरेदीदाराच्या मुलाने भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकाकडे मोजणीचा अर्ज करायचा, शुल्क भरायचे, सर्व लगतदारांना नोटिसा जाणार, भूकरमापक येऊन वहिवाटीप्रमाणे आणि दस्ताप्रमाणे अशा दोन्ही रेषा दाखवणार. त्या दोन रेषा एकमेकींवर पडतील याची खात्री कुणी देत नाही. तीस वर्षांत नांगर प्रत्येक हंगामात बांधाकडे थोडा थोडा सरकतो. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हाती आल्यावरच ओढा कुणाकडे गेला ते कळेल, आणि त्यानंतर क्षेत्राच्या रकान्यात पुन्हा एकदा काही चौरस मीटर इकडचे तिकडे होतील.

नव्या उताऱ्यावर धाकट्याचे ०.८२ आडव्या रेघेखाली गेलेले आहे. खाली चार वारस सामाईक, त्यात आई पहिली आणि मुलगी शेवटची, सर्वांपुढे मिळून ०.४१.८७. सोसायटीचा बोजा तसाच आहे. साठ आरचा सौदा मोडला. इसार परत गेला की नाही याची नोंद गाव नमुन्यात नसते. ओडीसी अहवालातून गट गेला. आणि बहिणीच्या मुलाने प्रांत कार्यालयातून १९७४ च्या फेरफाराची नक्कल मागवली आहे.